पावतीवाल्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

तुम्ही साधा फोन वापरता, त्यामुळे हे पत्र तुमच्या नातीच्या फोनवर पाठवतोय, तीच तुम्हाला वाचून दाखवणार. दाखवू दे. आजोबा कचेरीसमोर बसून लोकांचे अर्ज लिहितात, म्हणजे नेमकं काय करतात ते तिलाही कळू दे.

बाबा गेल्यावर दोन एकर दहा गुंठ्यांवर आईचा वारसा लावायचा होता. आपण कर्नाटकात, म्हणून अर्ज कन्नडमधून. घरात सगळ्यांना कन्नड बोलता येतं, लिहिता कुणालाच नाही. एजंटाने तीन हजार सांगितले. "आत द्यावे लागतात वो, मला काय उरतंय?" मी पैसे खिशात घालूनच तुमच्यापुढे बसलो आणि वर तुम्हालाच विचारलं, पाकीट कुणाच्या हातात द्यायचं?

तुम्ही पेन खाली ठेवलंत. "अर्ज लिहून देतो. पाकिटाचं मला विचारू नको." रागावला नाहीत, उपदेशही नाही. मग सांगितलंत, २०१८ पासून लाच देणाराही गुन्हेगार. बळजबरीने द्यावी लागली तर सात दिवसांत तक्रार केली तरच सुटका. आणि कर्नाटकात सरकारी कामं ठरल्या मुदतीत करून देण्याचा २०११ चा सकाल कायदा आहे, अर्ज देताना त्याचा नंबर मागून घे, मुदत टळली तर दिवसाला वीस रुपये, जास्तीत जास्त पाचशे, भरपाई मागता येते. मला हसू आलं होतं. वीस रुपयांत हल्ली काय येतं!

लिहिण्याचे साठ झाले. मी शंभराची नोट दिली, "राहू दे" म्हणालो. तुम्ही गुडघा धरत उठलात, चहाच्या गाड्यावर जाऊन सुट्टे आणलेत, चाळीस रुपये मोजून दिलेत आणि कार्बन घालून पावती केलीत. तिच्यावर अजून निळं बोट उमटलेलं आहे.

एवढं कशाला, म्हटल्यावर तुम्ही जक्कयाची गोष्ट सांगितलीत. यरीहोचा जकातदार, बुटका, येशूला बघायला उंबरावर चढलेला. खाली उतरल्यावर म्हणाला, कुणाचं लुबाडलं असेल तर चौपट परत करतो. उंबर म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे नरसोबाची वाडीच आली. ख्रिस्ती म्हणजे काहीतरी बाहेरचं, असं मी तोवर धरून चाललो होतो. ख्रिस्ती लेखक बाबा पदमनजी १८३१ साली आपल्या बेळगावातच जन्मले आणि जन्मभर मराठीत लिहीत राहिले, हेही तुमच्याकडूनच कळलं.

खरं सांगायचं तर मधे मी तुम्हाला शिव्याही घातल्या. तीन खेपा झाल्या, उतारा वेळेत हातात आला नाही, त्या हंगामाचं सोसायटीचं कर्ज हुकलं. पाकीट दिलेल्या शेजाऱ्याचं काम आठवड्यात झालं. चहावाला म्हणाला, एजंट लोक तुमच्याकडे गिऱ्हाईक फिरकू देत नाहीत, पूर्वी तुमच्यापुढे रांग असायची. तुम्ही यातलं अवाक्षर काढलं नव्हतं.

शेवटी वारसा लागला. उताऱ्यावर आईचं नाव कन्नडमध्ये आहे. तिला वाचता येत नाही, तरी त्या ओळीवर बोट ठेवून बसली होती.

भाताची मळणी झाली की येतो. पाच किलो इंद्रायणी आणणार आहे. तुम्ही फुकट घेणार नाही, म्हणून आईनेच भाव ठरवलाय, किलोला एक रुपया. पावती तुम्हीच करा.