सरांच्या स्मरणसभेविषयी सभासदांना सूचना

सर्व सभासदांस कळविण्यात येते की, आपले ज्येष्ठ सभासद आणि नाशिकमधील अनेक पिढ्यांना गणित शिकवणारे निवृत्त शिक्षक, ज्यांना आपण सगळे केवळ ‘सर’ म्हणत होतो, त्यांच्या स्मरणार्थ येत्या रविवारी सायंकाळी ५ वाजता संघाच्या सभागृहात सभा ठेवली आहे.

वयाच्या ५८व्या वर्षी शाळेतून निवृत्त झाल्यावरही सरांनी खडू खाली ठेवला नाही. दहावीला अडलेल्या मुलांना ते घरी बसवून, एक पैसाही न घेता, भूमिती समजावून सांगत. १८४० साली स्थापन झालेल्या सार्वजनिक वाचनालयात त्यांची नित्य फेरी असे आणि मे महिन्यात गोदाकाठच्या वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान त्यांनी सहसा चुकवले नाही. पत्नीच्या दीर्घ आजारपणात मात्र हे सारे बाजूला ठेवून त्यांनी स्वयंपाकघर स्वतःच्या हाती घेतले, त्याविषयी ते फारसे बोलत नसत. सभेत ही बाजूही सांगितली जावी, असे आम्हांस वाटते.

हार व पुष्पगुच्छ आणू नयेत, अशी कुटुंबीयांची विनंती आहे. त्याऐवजी गरजू विद्यार्थ्यांसाठी कोऱ्या वह्या आणाव्यात. प्रत्येक वक्त्याने तीन मिनिटांत बोलणे संपवावे. (तास संपल्याची घंटा झाली की सर वाक्य अर्धे सोडत, हे माजी विद्यार्थ्यांना सांगायला नको.) बोलू इच्छिणाऱ्यांनी आपली नावे शुक्रवारपर्यंत कार्यवाहांकडे द्यावीत.

— कार्यकारिणी