पुरळ जातंय, हीच पंचाईत

प्रिय मंजू,

तुझ्या दोन्ही पत्रांना उत्तर नाही, परवाचा फोनही मी अर्ध्यात ठेवला. तेव्हा आधी मनसोक्त शिव्या घालून घे आणि मग पुढे वाच. माझी तब्येत ठीक. कोपरांवरचे सोरायसिसचे चट्टे होते तसेच, सकाळी बोटं थोडी आखडतात, आठवड्याची गोळी चालू आहे. संपलं माझं.

लिहायला बसले ती माझ्या लेकीपायी, ओवीपायी. दुसऱ्या कुणाला सांगायला गेले तर म्हणतील, अगं, पोरगी बरी होतेय आणि तू रडतेस कसली?

मध्यंतरी तिचा घसा चांगलाच धरला होता. ताप, गिळताना दुखणं, सगळं. ते बरं झालं आणि दोन-तीन आठवड्यांनी पोटावर, पाठीवर, दंडांवर बारीक लाल ठिपके उठले. कुणी ब्रश झटकून रंगाचे शिंतोडे उडवावेत तसे. वर पातळ पापुद्रा. डॉक्टरांनी नाव घ्यायच्या आधीच मला कळलं होतं. गटेट सोरायसिस, माझ्याच कातडीच्या रोगाचा ठिपक्यांचा अवतार. घशात स्ट्रेप्टोकोकस जंतूचा संसर्ग होऊन गेला की मुलांना आणि तरुणांना होतो तो प्रकार. आईला सोरायसिस असला की शक्यता वाढते हेही मला ठाऊक होतं, पण ठाऊक असून करणार काय? डॉक्टर शांतपणे म्हणाल्या, हे बऱ्याच जणांचं काही आठवड्यांत किंवा महिन्यांत आपोआप ओसरतं. काहींचं मात्र पुढे तुमच्यासारखं जुनाट होतं, आणि कुणाचं होणार ते आज सांगता येत नाही. मलम दिलं, अंग कोरडं पडू देऊ नका म्हणाल्या, गरज पडली तर प्रकाशोपचार करू म्हणाल्या.

ते ‘आपोआप’ ओवीला पटलं नाही. सोळाव्या वर्षी तुला तरी पटलं असतं का?

तिने पहिल्यांदा दूध सोडलं. मग गहू. मग साखर, ते एक वेळ चाललं. मग टोमॅटो, बटाटा, वांगं, मिरची, कारण ही सगळी म्हणे एकाच कुळातली आणि दाह वाढवणारी. मग अंडी. सकाळी उपाशीपोटी कोरफडीचा रस, संध्याकाळी हळदीचा काढा. वही केली आहे: काय खाल्लं, किती झोपले, ठिपके किती. त्याच दिव्याखाली, त्याच अंतरावरून रोज फोटो. मुलगी हुशार आहे गं, हेच अवघड झालंय. अडाणीपणा असता तर दटावून थांबवलं असतं.

आणि ठिपके फिके पडतायत.

आता कळलं मी का रडते ते? दूध-गहू सुरू ठेवूनही ते फिके पडलेच असते कदाचित, कारण या प्रकाराचा स्वभावच तो. पण आता ते कधीच सिद्ध होणार नाही. तिच्या वहीत उत्तर लिहून झालंय. पुरळ पूर्ण गेलं की ही पोरगी घोटभर दूध प्यायलाही आयुष्यभर घाबरेल. पुढे कधी घसा धरून पुन्हा चार ठिपके उठले, तर कुठल्या तरी वाढदिवसाला खाल्लेला केकचा तुकडा आठवून स्वतःलाच दोष देत बसेल. जुनाट दुखण्यात दुखण्याइतकंच हे हिशेब ठेवणं माणसाला खातं. तू पाहिलं आहेस मला, ताटातला एकेक घास तपासताना. तेव्हा तू माझ्या पानात मुद्दाम लोणचं वाढून ‘मर एकदाची’ म्हणाली होतीस. त्याचा राग मला अजून आहे, नोंद असू दे.

वजन उतरलंय तिचं. पाळी पुढे गेली. म्हणते, परीक्षेचा ताण. मी डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या आहेत आणि आहारतज्ज्ञांकडेही पाठवलंय. जायला तयार होईना, शेवटी ‘वही घेऊन चल’ म्हटल्यावर तयार झाली.

मी पण गप्प बसले नाही, वाचलं. 2018 साली अमेरिकेतल्या नॅशनल सोरायसिस फाउंडेशनच्या वैद्यकीय मंडळाने आहारावरचे 55 अभ्यास चाळून सल्ला दिला होता, तो तिच्यासमोर ठेवला. ठामपणे त्यांनी सांगितलं ते एवढंच, की वजन जास्त असेल तर ते कमी करा. गहू वगैरे सोडा म्हणाले ते फक्त रक्ततपासणीत ग्लूटेनचा, म्हणजे गव्हातल्या प्रथिनाचा, त्रास दिसलेल्यांना. मी म्हटलं, बाई, तुझं वजन आधीच कमी आणि ती तपासणी तू केलेलीच नाहीस. तर म्हणते, “आई, हे प्रौढांसाठी लिहिलंय. मी प्रौढ नाही.” काय बोलणार? बरोबर होतं. हळद पोटातून घेतली तर फारच थोडी शोषली जाते हे सांगितलं, तर ती जास्त शोषली जावी म्हणून काढ्यात मिरे टाकायला लागली. मिरचीवर बंदी, मिऱ्यांना मुभा, कारण मिरे त्या कुळातले नाहीत. वकील होणार ही.

त्यात सुनंदाताई. त्यांच्या मते रक्त अशुद्ध झालंय. मी परत एकदा समजावलं, की रक्ताला काही झालेलं नाही, प्रतिकारशक्ती नको तिथे कामाला लागते. एरवी कातडीची पेशी तयार होऊन गळून पडायला साधारण महिना लागतो, चट्ट्यात ते सगळं चार-पाच दिवसांत उरकतं, म्हणून खपल्यांवर खपल्या. त्यांनी ऐकून घेतलं आणि जाताना ओवीच्या हातात बिनलेबलची पुडी ठेवली. ती मी फेकली. असल्या पुड्यांत कधी स्टेरॉइड सापडतं, कधी पारा नाहीतर शिसं. पोटातलं स्टेरॉइड एकदम थांबलं की सोरायसिस दुप्पट उसळू शकतो. ताई तेव्हापासून बोलत नाहीत. घर शांत आहे.

हे बघ, झाडपाल्याशी माझं वैर नाही. माझ्या त्या मलमाचा, ज्याने तुझी नवी चादर कायमची तपकिरी करून टाकली, त्याचा पूर्वज ठाऊक आहे? गोवा पावडर! ब्राझीलमधल्या एका झाडाची भुकटी, पोर्तुगीज व्यापारातून गोव्याला आली म्हणून ते नाव. पहिल्या महायुद्धात माल मिळेना, तेव्हा जर्मनांनी 1916 मध्ये प्रयोगशाळेत तिचा भाऊबंद तयार केला, तेच आपलं डिथ्रॅनॉल. चादरीची भरपाई आता ब्राझीलकडे माग.

आणि तुझी बावची! गच्चीवर त्या बियांचं तेल चोळून मला उन्हात बसवलंस, स्वतः सावलीत बसून कलिंगड खाल्लंस. पाठीवर ते फोड. फोड बरे झाले आणि नेमक्या त्याच जागी नवे चट्टे उठले, कारण या रोगात कातडी दुखावली की तिथेच तो उगवतो. त्यावर पुढे तुला कळलं की बावचीत सोरॅलेन, म्हणजे कातडीला उन्हाबाबत हळवं करणारं द्रव्य, असतं आणि 1974 पासून डॉक्टरही सोरॅलेन देऊन वर अतिनील किरण देतात, तेव्हा तू मिरवलीस ती मिरवलीस! “तत्त्व माझं बरोबर होतं.” अगं, ते मोजून देतात! डोळ्यांना चष्मा, घड्याळ लावून किरण. तू मोजलंस फक्त कलिंगड.

आता खरं काम. ओवीला मी परवा विचारलं, एकेक पदार्थ परत सुरू करूया का, आधी दूध, तुझ्याच वहीत नोंद ठेवून. प्रयोग पूर्ण व्हायचा तर ही बाजूही तपासायला हवी ना? बराच वेळ विचार करून म्हणाली, “मंजूमावशीला विचारते. ती तरी खरं सांगेल.” मी काय खोटं सांगत होते? पण असू दे. तू फोन कर. बावचीची गोष्ट तुझ्या बाजूने सांग, हवं तर तत्त्वासकट. वजनाबद्दल अवाक्षर काढू नकोस, लगेच मिटते. ‘चांगली दिसतेस’, ‘बारीक झालीस’ यातलं काहीच नको. ठिपके गेले तर आनंद आहे आणि परत आले तर तो तिचा गुन्हा नाही, एवढं तिच्या कानावर घाल. माझ्या तोंडून ते उपदेशासारखं येतं.

तुझी बदली झाली का? अण्णांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं असेल. निखिलने ती नोकरी सोडली हे बरंच केलं, मी आधीच म्हणत होते. नवीन घराचे फोटो पाठव, स्वयंपाकघर आधी.

रविवारी संध्याकाळी ती घरी असते. माझ्या फोनवर करू नकोस, तिच्याच कर. मी पत्र लिहिलं हे सांगू नकोस. कळेलच तिला म्हणा, पण तू सांगू नकोस.

तुझी,
रेवा