छकुलीस, फोन मधेच ठेवला म्हणून

प्रिय छकुली,

परवा तू नोकरी सोडल्याचं सांगितलंस आणि मी फोन मधेच ठेवला, ते दोन दिवस झाले मनाला लागलंय. राग नव्हता गं. आईचा पोहेहार मोडून तुला इंजिनिअर केलं हे मी बोलून दाखवणार नव्हतो आणि बघ, दाखवलंच. माफ कर.

मला एकच सांग, रात्री झोप लागते का तुला? कॉलेजांत जाऊन बोलतेस ते ठीक, पण नंतर ती पोरं तुझ्याजवळ येऊन रडतात, ते सगळं तू घरी घेऊन येतेस, मग तुझं कोण ऐकतं? दादापण सगळ्यांचं ऐकायचा.

10 सप्टेंबरच्या, आत्महत्या प्रतिबंध दिनाच्या तुझ्या कार्यक्रमाला मी आलो होतो. सांगितलं नाही तुला. शेवटच्या बाकावर बसलो, मामाच्या मागे. तू माईकवर म्हणालीस, माझा भाऊ आत्महत्येनं गेला. नऊ वर्षं मी पाहुण्यांत हार्ट अटॅक सांगत आलोय, आजीला तर शेवटपर्यंत तेच सांगितलं. पाय लटपटले माझे. शेजारी एक पोरगा होता, धड मिसरूड पण फुटलेलं नाही, बॅगेचा पट्टा बोटाला गुंडाळायचा, सोडायचा, परत गुंडाळायचा. दादाची बोटं पण अशी कधी स्वस्थ नसायची, परीक्षा आली की जास्तच. नंतर बघतो तर तो पोरगा तुझ्यासमोरच्या रांगेत उभा.

ते 2017 च्या मानसिक आरोग्याच्या कायद्याचं तू सांगितलंस ना, की असं पाऊल उचलणारा भयंकर ताणात होता असंच धरायचं, त्याला शिक्षा नाही, उलट उपचार द्यायची जबाबदारी सरकारची. 2015 ला दादानं पहिल्यांदा प्रयत्न केला तेव्हा मला एकच माहीत होतं, कलम 309, आत्महत्येचा प्रयत्न म्हणजे गुन्हा. पोरावर केस होईल, सरकारी नोकरीचं वाटोळं होईल, म्हणून ओळखीच्या डॉक्टरकडे नेलं, सगळ्यांना पोटाचं दुखणं सांगितलं, आणि चौथ्या दिवशी घरी आणल्यावर त्या विषयावर कुणाला शब्द काढू दिला नाही. बारावीत होतीस तू. दादाला मानसोपचारवाल्यांकडे न्या म्हणालीस आणि मी तुला गप्प बस म्हणालो.

म्हणून आता गप्प बस म्हणणार नाही. टिसला, त्या टाटा इन्स्टिट्यूटला, मेंटल हेल्थ घेऊन एमए करायचंय, कर. फक्त वेळेवर जेव, पीएफला हात लावू नको, रात्री फोन दुसऱ्या खोलीत ठेव, आठवड्यातून एक दिवस तरी कुणाचंच दुःख ऐकू नको, आणि झोप... झालं माझं सुरू. राहू दे.

गिरणीत दळणाच्या दरांखाली टेलिमानसचा, मन मोकळं करायच्या सरकारी हेल्पलाइनचा, नंबर लिहून घेतलाय, 14416, चांगला मोठा. पीठ बसतं त्यावर, रोज सकाळी फडक्यानं पुसतो. बायका विचारतात हा कशाचा नंबर, मी सांगतो, माझी मुलगी ह्याच कामात आहे.

परवा तुझा फोन ठेवल्यावर मीच तो नंबर लावला. पलीकडची मुलगी मराठीत बोलत होती, तुझ्याच वयाची वाटली. दादाचं पहिल्यापासून सगळं सांगितलं तिला, हार्ट अटॅक न म्हणता. बराच वेळ ऐकलं तिनं. ठेवताना तिला पण विचारलं, बाळा तुला झोप लागते ना.

बाबा