बदली म्हणजे चौकशी नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

चर्चच्या एखाद्या पाळकावर किंवा फादरवर आरोप झाला की आम्हा ख्रिस्ती लोकांची पहिली धडपड असते ती गोष्ट चार भिंतींच्या बाहेर जाऊ नये यासाठी. आपण संख्येने थोडे, बाहेरच्यांच्या हाती आयते कोलीत कशाला द्यायचे, असे म्हटले जाते आणि आजच्या वातावरणात ही भीती अगदीच निराधार आहे असे मी म्हणणार नाही. पण तिची किंमत कोण मोजतो, तेही पाहिले पाहिजे.

काही वर्षांपूर्वी नाशिकमधल्याच एका मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, कमिटीवर मी होतो. इमारत निधीच्या पावतीपुस्तकातील स्थळप्रती आणि बँकेत भरलेली रक्कम यांचा मेळ बसत नव्हता. एका सभासदाने बैठकीत उभे राहून तसे विचारले. ‘हा विषय आपण प्रार्थनेत ठेवू या’ असे म्हणून बैठक आटोपली. इतिवृत्तात त्या प्रश्नाची नोंदही झाली नाही. पुढे पाळकसाहेबांची बदली झाली, शाल-श्रीफळ देऊन निरोप समारंभ झाला आणि प्रश्न विचारणाऱ्या गृहस्थांच्या अंथरुणाला खिळलेल्या आईकडे कित्येक महिने कोणी प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ दिला जाणारा भाकर-द्राक्षारसाचा प्रसाद, घेऊन गेले नाही. मीही तेव्हा गप्प बसलो होतो.

अशा वेळी देवाच्या अभिषिक्तांना हात लावू नये, हे वचन हमखास ऐकवले जाते. ते बायबलमधील १०५ व्या स्तोत्रातले आहे आणि तेथे संदर्भ परक्या मुलखांत भटकणाऱ्या अब्राहाम, इसहाक, याकोब यांचा आहे. हिशेब विचारणाऱ्या सभासदांचा नव्हे. दुसरा युक्तिवाद अधिक वजनदार आहे. सेवक, म्हणजे पाळक, कसाही असो, त्याच्या हातून झालेला बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन निष्फळ ठरत नाही, हे खरेच आहे. चौथ्या शतकात उत्तर आफ्रिकेत, छळाच्या काळात धर्मग्रंथ सरकारच्या स्वाधीन करणाऱ्या धर्मगुरूंच्या संस्कारांवरून मोठा वाद पेटला आणि पुढे संत ऑगस्टीन यांनी हीच भूमिका मांडली. नाशिकची ख्रिस्ती वसाहत शरणपूर वसवणारे मिशनरी ज्या अँग्लिकन परंपरेतले होते, तिच्या ३९ धर्मकलमांपैकी २६ वे कलमही हेच सांगते. मात्र त्याच कलमाचा उत्तरार्ध आम्हाला कोणी वाचून दाखवत नाही. दुराचारी सेवकांची चौकशी व्हावी आणि दोषी ठरल्यास त्यांना पदावरून दूर करावे, हा मंडळीच्या शिस्तीचाच भाग आहे, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. पूर्वार्ध श्रद्धावंतांना धीर यावा म्हणून आहे. त्याची ढाल करून सेवकाला वाचवणे ही आमची सोय आहे.

पैशांच्या बाबतीत मार्ग अवघड नाही. ज्या मंडळीचा न्यास महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदलेला आहे, तिचे हिशेब तपासले जाणे बंधनकारक आहे आणि तक्रार धर्मादाय आयुक्तांकडे करता येते.

मुलांच्या बाबतीत मात्र मंडळीला निवडीची मुभाच नाही. लैंगिक अत्याचारांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार लैंगिक अत्याचाराची माहिती असलेल्या प्रत्येकाने ती पोलिसांना देणे सक्तीचे आहे आणि हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. पोप फ्रान्सिस यांनीही २०१९ मध्ये कॅथलिक धर्मगुरू व धर्मभगिनींना अशी माहिती वरिष्ठांना कळवणे बंधनकारक केले. पण ते कळवणे पोलिसांकडे जाण्याऐवजी नव्हे.

खोटे आरोपही होतात. कमिटीच्या राजकारणातून चांगल्या पाळकांना छळल्याची उदाहरणे मीही पाहिली आहेत. म्हणूनच बायबलमधील पत्रात प्रेषित पौलाने आपला सहकारी तीमथ्य याला लिहिले की दोन-तीन साक्षीदारांवाचून मंडळीच्या वडिलावरचा, म्हणजे तिच्या पुढाऱ्यावरचा, आरोप दाखल करून घेऊ नये. मात्र पाप करणाऱ्यांना सर्वांसमक्ष दोष लावावा, हेही लगेच पुढच्या वचनात आहे. शिवाय बंद दाराआड जे घडले त्याला लेकराने दोन साक्षीदार कोठून आणावेत? त्याचा तपास पोलिसांनीच करायचा असतो. आम्ही कमिटीवाल्यांनी तेथे न्यायाधीश होऊ नये आणि त्या कुटुंबाच्या घरी जाणेही सोडू नये.

इमारत निधीच्या त्या जुन्या प्रश्नाची वार्षिक सभेच्या इतिवृत्तात नोंद व्हावी, असा लेखी अर्ज मी गेल्या महिन्यात दिला आहे. त्या गृहस्थांची आई आता हयात नाही. अर्जाची पोच अद्याप मिळालेली नाही.

आपला विश्वासू,
एक सभासद, नाशिक