ग्लेस्नरांच्या घराविषयी

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

शिकागोतील ग्लेस्नरांच्या घराचा फोटो पाठवला तेव्हा ‘हे घर की तुरुंग?’ अशा एका ओळीत तू ते निकालात काढले होतेस. या मतात तू एकटा नाहीस. प्रेअरी अव्हेन्यूवर समोरच राहणारे, रेल्वेच्या शयनडब्यांचे कारखानदार जॉर्ज पुलमन यांनीही, दाराबाहेर पाऊल टाकताच हे ध्यान आपल्याकडे टक लावून बघावे असे आपण कोणते पाप केले, अशी कुरकुर केली होती. आता घर आतून पाहून आलो आहे, तेव्हा तुम्हा दोघांशी वाद घालणे भाग आहे.

जॉन ग्लेस्नर शेतीची यंत्रे बनवणाऱ्या कंपनीचे भागीदार. ती कंपनी १९०२ मध्ये ‘इंटरनॅशनल हार्वेस्टर’मध्ये विलीन झाली. त्यांनी वास्तुकार हेन्री हॉब्सन रिचर्डसन यांना जागा दाखवायला नेले तेव्हा रिचर्डसनांनी बग्गीत बसल्याबसल्याच विचारले की, रस्त्याकडे खिडक्याच नसलेले घर बांधायची तुमची छाती आहे का? ग्लेस्नरांनी तत्काळ होकार दिला; नकाशा पसंत पडला नाही तर फाडून टाकता येईल, हा व्यापारी हिशेब मनात होताच, असे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे.

खिडक्या अर्थातच आहेत, पण उत्तरेच्या भिंतीत त्या अगदी अरुंद आणि मोजक्या. खडबडीत ग्रॅनाइटच्या त्या भिंतीवर हात ठेवला तर तळवा खरचटेल अशी धास्ती वाटते. पण अंगणात शिरलो आणि चकित झालो: तिथे गुलाबी विटा, गोलाकार बुरूज आणि दक्षिणेच्या उन्हाकडे तोंड केलेल्या मोठ्या खिडक्या! जेवणघर व दिवाणखाना, सगळ्यांचा कल याच अंगणाकडे. रस्त्याला पाठ दाखवणारे हे घर उन्हाला मात्र सामोरे जाते. तुझ्या फोटोत अंगण नव्हते, हा दोष माझाच.

खरी खुबी उत्तरेच्या भिंतीला लागून असलेल्या नोकरांच्या बोळात आहे. बाहेरचा गार वारा आणि कुटुंबाच्या खोल्या यांच्यामध्ये तो एखाद्या अस्तरासारखा आहे. मालकांची ऊब राखली जाते आणि नोकरांची ये-जाही नजरेआड राहते. योजना म्हणून दाद द्यावीशी वाटते, पण त्या अस्तरातून दिवसभर कोण वावरत होते, हा विचार काही पाठ सोडत नाही.

रिचर्डसन एप्रिल १८८६ मध्ये, वयाच्या ४७व्या वर्षी गेले आणि घर १८८७ मध्ये पूर्ण झाले, म्हणजे त्यांनी ते उभे राहिलेले पाहिलेच नाही. पुढे प्रेअरी अव्हेन्यूची रया गेली, शेजारचे वाडे एकेक करून पाडले गेले, पुलमनांचाही. हे मात्र १९६६ मध्ये काही वास्तुकारांनी वर्गणी करून विकत घेतले, म्हणून वाचले.

सोबत तळमजल्याचा नकाशा पाठवत आहे. तो बोळ मी त्यावर पेन्सिलीने रंगवला आहे. अंगणाच्या बाजूने नकाशा वाचायला सुरुवात कर आणि तुरुंगाचे मत कायम राहते का, ते कळव.

तुझा,
अनंत