लाडाचा घास कुत्र्याच्या जिवावर

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

बेळगाव शहरात, तसेच खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांत घरी कुत्रे पाळण्याची हौस अलीकडे बरीच वाढली आहे आणि ती आनंदाचीच गोष्ट आहे. परंतु टिळकवाडीतील व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर सकाळी मालकांबरोबर येणाऱ्या कुत्र्यांकडे नीट पाहिले, तर त्यांतली कित्येक चार पावलांत धापा टाकताना आणि वाटेतच बसकण मारताना दिसतात, आणि त्याच वेळी 'आमचा खातो मात्र भरपूर' असे मालक कौतुकाने सांगत असतात. हे कौतुक त्या जनावराचे आयुष्य कमी करते, हे कळकळीने सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

आपल्याकडे मुले नोकरीसाठी पुण्याला किंवा बेंगळूरला गेली, की त्यांनी हौसेने आणलेला लॅब्राडोर आई-वडिलांकडे राहतो. घर रिकामे झालेले असते, वाढायची सवय मात्र सुटलेली नसते, आणि ती सारी माया त्या कुत्र्याच्या भांड्यात उतरते. ही माया खरी आहे, तिला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. पण सकाळी आजोबांच्या चहाबरोबर बिस्किटे, दुपारी आजीच्या पानातली तूप लावलेली चपाती, संध्याकाळी शेजारच्या मुलांनी दिलेला खाऊ, असे दिवसभर चालते. प्रत्येकाला आपण थोडेच दिले असे वाटते आणि कुत्र्याच्या पोटात सगळ्यांचे थोडे एकत्र होते. 'बघा कसा आशेने पाहतोय' हे कारण तर ठरलेलेच असते. केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ साली असे दाखवून दिले, की सुमारे एक चतुर्थांश लॅब्राडोरमध्ये भूक आवरण्याशी संबंधित एका जनुकाचा भाग गहाळ असतो. अशा कुत्र्याची खा-खा पोट भरलेले असतानाही थांबत नाही, म्हणून त्याच्या डोळ्यांतली आशा हे भुकेचे माप धरता येत नाही.

अमेरिकेत ४८ लॅब्राडोर कुत्र्यांवर जन्मभर केलेला एक अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. त्यात एकाच वेतातील पिल्लांच्या जोड्या लावून एकाला त्याच्या जोडीदारापेक्षा पंचवीस टक्के कमी अन्न देण्यात आले. कमी खाणारी कुत्री सरासरीने जवळपास पावणेदोन वर्षे अधिक जगली आणि त्यांची सांधेदुखीही उशिरा सुरू झाली. कुत्र्याच्या एवढ्याशा आयुष्यात पावणेदोन वर्षे म्हणजे किती मोठा काळ, हे ज्याने कुत्रे गमावले आहे त्याला सांगावे लागणार नाही.

वरखाण्याचे प्रमाण दिवसाच्या आहाराच्या दहा टक्क्यांपलीकडे जाऊ नये, असे पशुवैद्यक सांगतात. पाच किलोच्या पॉमेरेनियनला दिवसाला साधारण ३०० ते ३५० कॅलरी पुरतात. त्याचे दहा टक्के म्हणजे जेमतेम दीड ग्लुकोज बिस्किट. आपण अख्खा पुडा संपवतो. कर्नाटकी बेंदराला बैलाला पुरणपोळी चारणारा शेतकरीसुद्धा हात राखून चारतो, कारण रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात असे अन्न जास्त गेले तर ते दगावू शकते, हे त्याला पिढ्यान्पिढ्या ठाऊक आहे. गोठ्यातले हे शहाणपण दिवाणखान्यात का येऊ नये?

याहून गंभीर गोष्ट म्हणजे आपल्या लाडाच्या काही पदार्थांत कुत्र्यासाठी सरळ विष असते. द्राक्षे, बेदाणे आणि मनुके यांनी कुत्र्याचे मूत्रपिंड निकामी होऊ शकते, आणि नेमक्या किती दाण्यांनी होईल याचा अंदाज बांधता येत नाही. अथणी आणि विजयपूरचा बेदाणा आपल्याकडे घरोघरी असतो, सत्यनारायणाच्या शिऱ्यात तो हमखास पडतो, आणि 'प्रसादाला नाही कसे म्हणायचे' म्हणून तो शिरा कुत्र्यापुढेही ठेवला जातो. शिजवले म्हणून धोका टळतो असे नाही. कांदा-लसणाने कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटतात, त्यामुळे कांदा-लसूण चटणीचा मटणरस्सा भाकरीवर ओतून देणे घातक आहे, आणि त्यातली शिजलेली हाडे तडकून आतड्यात रुततात ते वेगळेच. चॉकलेटही वर्ज्य आहे. कुंदा तर साखर आणि आटवलेले दूध; बऱ्याच प्रौढ कुत्र्यांना दूध पचत नाही, आणि फार स्निग्ध खाणे एकदम झाले तर स्वादुपिंडाला सूज येऊन जिवावर बेतू शकते.

'दिसायला गुबगुबीत तेच निरोगी' ही समजूत आपल्या भागात तरी टिकायला नको होती. शेजारच्या बागलकोट जिल्ह्यातील मुधोळ हे घोरपडे घराण्याचे मराठी संस्थान, आणि तिथल्या शिकारी कुत्र्याची जात मालोजीराजे घोरपडे यांनी जोपासली. २००५ साली टपाल खात्याने या जातीवर तिकीट काढले आणि पुढे लष्करानेही तिची कुत्री प्रशिक्षणासाठी घेतली. पोट आत गेलेले, कंबर बारीक, अंगावर चरबी नाही, असा हा प्राणी पाहून 'याला घरचे उपाशी ठेवतात' असे म्हणणारे भेटतात, याचे मला वाईट वाटते. सगळ्याच जाती इतक्या सडपातळ नसतात हे खरे. पण कोणत्याही कुत्र्याच्या बरगड्या हलक्या हाताने चाचपल्यावर लागायला हव्यात आणि वरून पाहता कंबर दिसायला हवी.

वाढलेले वजन उतरवताना जनावराला एकदम उपाशी ठेवू नये. लठ्ठ मांजर काही दिवस जेवले नाही, तर त्याच्या यकृतात चरबी साचून ते मरू शकते. म्हणून पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच आहार हळूहळू कमी करावा, दिवसाचा वाटा सकाळीच मोजून वेगळा काढावा आणि घरातल्या एकाच माणसाने तो द्यावा.

शहरातील पशुवैद्यकांना माझी विनंती आहे, की तपासणीच्या वेळी कुत्र्याचे वजन आणि दिवसाच्या आहाराचे माप त्यांनी मराठीत आणि कन्नडमध्ये कागदावर लिहून द्यावे. तयार खाद्याच्या पुड्यावरील सूचना बहुधा इंग्रजीत असतात आणि प्रत्यक्ष खाऊ घालणाऱ्या आजी-आजोबांना त्या वाचता येत नाहीत. आपल्या दैनिकानेही एखाद्या जाणकार पशुवैद्यकाकडून अशी माहिती लिहून घेऊन गणेशोत्सवापूर्वी छापली, तर पाहुण्यांनी भरलेल्या घरांत तिचा तातडीने उपयोग होईल.

आपला विश्वासू,
एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव