टाचण्यांची पट्टी

नागपूर, १४ मे

प्रिय दिनू,

पेटंट नाकारलं रे. आदेशात कारण एकच: कूलरच्या नळीची भोकं क्षाराने बुजू नयेत म्हणून आत बसवलेली आपली टाचण्यांची पट्टी म्हणे त्या विषयातल्या जाणकाराला सहज सुचण्यासारखी आहे. दोन दिवस वर्कशॉपकडे फिरकलो नाही. काल आदेश पुन्हा वाचला आणि ठरवलं, अपील करायचं.

पेटंट ऑफिसने दोन जुने दस्तऐवज पुढे केलेत. एकात भोकांची साधी नळी, दुसऱ्यात फवारणीचं नोझल, तोंडात सुई असलेलं. दोन्ही एकत्र केले की झाली तुमची पट्टी, म्हणे. पण ते एकत्र करावंसं कुणाला का वाटेल, यावर अवाक्षर नाही. उलट नोझलवाल्यानेच लिहिलंय की पाणी गाळलेलं हवं, नाहीतर सुई अडकते. बोअरच्या पाण्याशी झगडणारा माणूस हे वाचून सुईच्या वाटेला जाईल का? आपली सुई अडकत नाही, कारण पंप बंद होताच स्प्रिंग तिला भोकात ढकलते, क्षार ओला असतानाच. एवढं कळायला तीन उन्हाळे गेले, तू पाहिलेस.

वकीलबाई म्हणतात, मुद्दा भक्कम आहे. २०२२ मध्ये अॅग्रीबोर्ड कंपनीच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितलंय की आधीचं ज्ञान काय, नवा शोध काय आणि एकावरून दुसरं जाणकाराला कसं सुचेल, या तिन्हींचा विचार आदेशात दिसला पाहिजे. आमच्या आदेशात तिसरा नाहीच. पेटंटची अपिलं ऐकणारं मंडळ २०२१ मध्ये बंद झालं, त्यामुळे थेट उच्च न्यायालयात जायचं. मुदत ३ महिने.

आता तुझ्याकडे येतो. बाबा मे महिन्यात दर रविवारी स्टुलावर चढून टाचणीने नळीची भोकं उकरायचे, पांढरा चुरा त्यांच्या बनियनवर पडायचा. आपल्या गल्लीत घरोघरी हेच. इतकं सहज सुचणारं होतं, तर इतकी वर्षं कुणीच का केलं नाही? परीक्षण अहवालाला उत्तर देताना मी हे लिहिलंच नाही, ही माझी चूक. न्यायालय नवा पुरावा घेईलच असं नाही, पण मागून तर पाहू. तू वीस वर्षं कूलर दुरुस्त करतोस. जे पाहिलंस, तेवढंच प्रतिज्ञापत्रावर लिहून देशील?

शनिवारी ये. आणि दुकानाच्या मागे पडलेल्या त्या बुजलेल्या नळ्या भंगारात देऊ नकोस.

तुझा,
विजू